लायसन्स-पासिंग नको म्हणून विकली जाणारी ई-स्कूटर सोळा वर्षांच्या मुलीला द्यावी का?

प्रश्न : कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. माझ्या मुलीला नुकतीच सोळा वर्षे पूर्ण झाली असून ती अकरावीत शिकते. आमचे घर माधवनगरच्या बाजूला आहे. कॉलेज सकाळी आणि क्लास संध्याकाळी विश्रामबागेत असल्यामुळे तिला दिवसातून दोनदा शहरात जावे लागते. शहर बसची वेळ क्लासशी जुळत नाही आणि अंधार पडल्यावर वडापच्या (अनेक प्रवासी भरणाऱ्या) रिक्षातून एकटीने येणे तिलाही नको वाटते व मलाही. म्हणून विजेवर चालणारी एखादी हलकी दुचाकी घ्यावी असे आमचे चालले आहे.

येथील एका दुकानात आम्हाला सांगण्यात आले की, "या गाडीला लायसन्स नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको, शाळेतली मुले चालवतात, पोलीस काही करू शकत नाहीत." गाडी दिसायला अगदी नेहमीच्या स्कूटरसारखी आहे, पेडल नाहीत, कंपनीचा सांगितलेला वेग ताशी २५ किलोमीटर आहे. मात्र पैसे भरण्याची बोलणी सुरू झाल्यावर तोच विक्रेता म्हणाला की, गाडी ताब्यात देताना स्पीडचे लॉक काढून देतो, मग ती आरामात चाळीस-पंचेचाळीसने पळते. हे ऐकल्यावर माझ्या मनात शंका आली.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. नोंदणी आणि परवाना लागत नाही हे कायद्यात खरोखर कोठे लिहिले आहे? सोळाव्या वर्षी बिनगिअरच्या गाडीचा परवाना मिळतो असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, तर त्या परवान्यावर मोठी, हिरव्या नंबर प्लेटची (नोंदणी झालेली विजेची) स्कूटर चालवता येते का? आणि उद्या तिच्या गाडीचा कोणाला धक्का लागून इजा झाली, तर विमा नसताना ती जबाबदारी कोणावर येते? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : वकील_करवीर

ताई, विक्रेत्याचे पहिले वाक्य एका विशिष्ट प्रकारच्या गाडीपुरते खरे आहे, परंतु त्याने पुढे जी सोय देऊ केली ती स्वीकारली की ते तुमच्या गाडीपुरते खोटे ठरते. म्हणून ही सूट येते कोठून, ते आधी पाहू.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा केंद्राचा कायदा आहे. यंत्राने चालणारी वाहने हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असून वाहनाची व्याख्या, परवान्याचे वय आणि दंडाच्या मुख्य तरतुदी या केंद्रीय कायद्यात असल्यामुळे त्या देशभर सारख्या आहेत. वाहन कर, नोंदणीचे प्रत्यक्ष काम आणि रस्त्यावरची अंमलबजावणी मात्र राज्याकडे आहे. त्यामुळे सांगलीत वेगाची एक मर्यादा आणि बेळगावात दुसरी, असे या गाड्यांच्या बाबतीत नाही. महाराष्ट्रात बॅटरीवरील दुचाकींना मोटार वाहन कर माफ आहे आणि नोंदणी शुल्क तर केंद्रानेच ऑगस्ट २०२१ मध्ये माफ केले. पण कर माफ असणे वेगळे आणि नोंदणीच न लागणे वेगळे. दुकानात या दोन गोष्टी सर्रास एकमेकींत मिसळून सांगितल्या जातात आणि ग्राहक घरी जाताना "टॅक्स नाही म्हणजे पासिंग नाही" एवढेच लक्षात ठेवून जातो.

आता मूळ सूट. अधिनियमाच्या कलम २(२८) मध्ये 'मोटार वाहन' कशाला म्हणायचे ते सांगितले आहे आणि चारपेक्षा कमी चाके असलेले व २५ सीसीपर्यंतचेच इंजिन बसवलेले वाहन त्यातून वगळले आहे. बॅटरीच्या गाडीला सीसी नसल्यामुळे तिच्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम २(यू) लागू होतो. त्यानुसार बॅटरीवरील दुचाकी मोटार वाहन मानली जात नाही, परंतु त्यासाठी ठरलेल्या अटी पूर्ण झाल्याची पडताळणी अधिकृत चाचणी संस्थेने केलेली असावी लागते. मोटरची सलग तीस मिनिटे टिकणारी शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी हवी. कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी हवा. बॅटरी सोडून गाडीचे वजन ६० किलोपेक्षा जास्त नसावे. योग्य ब्रेक असावेत आणि पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक (रिफ्लेक्टर) असावा. पेडल असलेल्या ई-सायकलसाठी आणखी एक अट आहे. वेग वाढत जाईल तशी मोटरची मदत कमी होत गेली पाहिजे आणि २५ ला पोचताच, किंवा त्याआधीच पाय थांबले तर तेव्हाच, ती पूर्णपणे बंद झाली पाहिजे.

या अटींपैकी तीन पूर्ण आहेत आणि एक थोडी कमी पडते, असा बचाव येथे चालत नाही. एक अट मोडली की गाडी मोटार वाहन होते आणि त्या क्षणी संपूर्ण अधिनियम तिला लागू होतो : कलम ३ प्रमाणे परवाना, कलम ३९ प्रमाणे नोंदणी, कलम १२९ प्रमाणे हेल्मेट, कलम १४६ प्रमाणे विमा. शिवाय गाडी त्या दिवशी वीसने चालली होती की तीसने, याला महत्त्व नाही. ती किती वेगाने जाऊ शकते, हे पाहिले जाते. लॉक काढलेली गाडी तुमच्या मुलीने जन्मभर वीसच्या वेगाने चालवली तरी ती विनानोंदणीचे मोटार वाहनच राहील.

सोळा वर्षांचा मुद्दा असा आहे की, कलम ४ नुसार सार्वजनिक रस्त्यावर मोटार वाहन चालवण्याचे किमान वय १८ आहे आणि अपवाद फक्त ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलचा आहे. त्यासाठी पालकांची लेखी संमती लागते. पूर्वी लुनासारख्या मोपेड घरोघरी होत्या तेव्हा हा अपवाद उपयोगाचा होता. आज त्या मापाच्या पेट्रोलवरच्या गाड्या बाजारात जवळजवळ राहिलेल्या नाहीत. हे माप इंजिनाचे आहे, किलोवॅटमध्ये मोजल्या जाणाऱ्या मोटरचे नव्हे. रस्त्यावर दिसणाऱ्या हिरव्या पाटीच्या स्कूटर कित्येक किलोवॅटच्या असतात, ताशी साठ-सत्तरच्या पुढे जातात आणि त्यांना ५० सीसीच्या गाडीत बसवणे कोणत्याही अर्थाने शक्य नाही. त्या अठरा पूर्ण झालेल्यांसाठीच आहेत असे धरून चालावे. २०२४ मध्ये आलेली ई-लुना दिसायला मोपेड असली तरी तिचा वेग ताशी ५० किलोमीटरपर्यंत जातो, त्यामुळे तिलाही नोंदणी आणि परवाना दोन्ही लागतात.

अल्पवयीन मुलाच्या हाती मोटार वाहन सापडले तर काय होते, हे पालक म्हणून तुम्हाला ठाऊक असले पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ पालकाला किंवा गाडीच्या मालकाला दोषी धरते. तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड अशी तरतूद आहे, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. "मला माहीत नव्हते" हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर असते. तुमच्यासमोर विक्रेत्याने लॉक काढण्याची भाषा केली आहे, त्यामुळे तो बचाव तुमच्याकडे उरणार नाही. म्हणून ते लॉक काढू देऊ नका.

उत्तर २ : वाळवा_रहिवासी

वकीलसाहेबांच्या माहितीबद्दल आदर आहे, परंतु प्रत्यक्षातील परिस्थिती वेगळी आहे असे मला वाटते. आमच्या भागात अशा गाड्या घेऊन शेकडो मुली कॉलेजला जातात; माझी पुतणीही बऱ्याच काळापासून जाते. कोणत्याही चौकात तिला अडवले गेलेले नाही. मुलींना शिक्षणासाठी बाहेर पडण्याचे एक साधन या गाड्यांमुळे मिळाले आहे आणि बसच्या फेऱ्या वाढत नाहीत तोपर्यंत ते साधन काढून घेऊ नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. थोडा वेग वाढवला जातो तो हौसेसाठी नव्हे. मागून येणारा ट्रक आणि उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली अंगावर येत असताना पंचवीसच्या आत रखडणे अधिक धोक्याचे वाटते, म्हणून वाढवला जातो.

उत्तर ३ : निवृत्त_मोटार_वाहन_निरीक्षक

मी परिवहन विभागात मोटार वाहन निरीक्षक म्हणून नोकरी केली असल्यामुळे तपासणीच्या बाजूने लिहितो. वाळवा येथील सदस्यांनी मांडलेली अडचण खरी आहे. पण चौकात अडवले जात नाही याचे कारण गाडी नियमात बसते हे नसून, उभ्या असलेल्या पोलिसाला ती नुसती पाहून ओळखता येत नाही, हे आहे. नोंदणी झालेल्या खासगी विजेच्या गाडीला २०१८ पासून हिरवी पाटी आणि पांढरी अक्षरे असतात. पाटीच नसलेली गाडी पाहिली की ती सूट मिळालेली असावी असे गृहीत धरून सोडून दिले जाते. अपघात झाल्यावर मात्र तीच गाडी तपासणीसाठी आमच्याकडे येते आणि तेथे गृहीत काहीच धरले जात नाही.

सूट मिळालेल्या प्रत्येक मॉडेलची चाचणी नियम १२६ मध्ये नेमून दिलेल्या संस्थेत झालेली असते. आपल्या राज्यात पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या संस्था हे काम करतात. परराज्यांतील मानेसरच्या आयकॅटसारख्या संस्थांचे प्रमाणपत्रही तितकेच ग्राह्य असते. त्या प्रमाणपत्रात मॉडेलचे नाव, मोटर, तिला जाणारी वीज नियंत्रित करणारा कंट्रोलर आणि बॅटरी यांचा तपशील असतो. ते त्या विशिष्ट जोडणीला मिळालेले असते, कंपनीच्या सर्व गाड्यांना मिळून नव्हे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण एका मॉडेलचे प्रमाणपत्र दाखवून दुसरेच मॉडेल विकण्याचे प्रकार होतात. राज्याच्या परिवहन आयुक्त कार्यालयाने २०२२ मध्ये ई-बाइकच्या विरोधात मोहीम घेतली ती याच दोन कारणांसाठी होती : मान्यता न घेतलेल्या गाड्यांची विक्री, आणि मान्यता घेतलेल्या गाड्यांमध्ये नंतर केलेला फेरफार.

हा फेरफार कसा होतो ते समजून घ्या, म्हणजे दुकानात डोळे उघडे ठेवता येतील. या गाड्यांत मागच्या चाकातच मोटर असते, तिला हब मोटर म्हणतात. सीटखाली किंवा पाय ठेवण्याच्या पट्ट्याखाली ॲल्युमिनियमची पन्हळी पेटी असते, तो कंट्रोलर. त्यातून निघणाऱ्या वायरींच्या जुडग्यात बहुतेक वेळा एक छोटी वायर परत त्याच कनेक्टरमध्ये वळवून जोडलेली असते. ती जोडलेली असेपर्यंत वेग मर्यादित राहतो. विक्रेता जे "लॉक काढतो" ते म्हणजे ही वायर सुटी करणे. कामाला पाच मिनिटे लागतात आणि वरून काही दिसत नाही. दुसरी पद्धत बॅटरीची आहे. हब मोटरचा वेग तिला मिळणाऱ्या व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ६० व्होल्टच्या जागी ७२ व्होल्टची बॅटरी आणि तिला चालेल असा कंट्रोलर बसवला की तीच मोटर जास्त वेगाने फिरू लागते. ज्या वायरी, जे ब्रेक आणि जे पुढचे सस्पेन्शन पंचवीसच्या वेगासाठी निवडले गेले, तेच पंचेचाळीसला वापरले जातात. छोट्या ड्रम ब्रेकवर वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर दुप्पट नव्हे, सुमारे चौपट होते. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या भीतीने वेग वाढवणाऱ्यांनी तीच ट्रॉली अचानक समोर थांबली तर काय, याचाही विचार केला पाहिजे.

विक्रेत्यालाही या कायद्यात सवलत नाही. मानकांत न बसणारे वाहन विकणाऱ्या उत्पादकाला किंवा विक्रेत्याला कलम १८२-अ नुसार एक वर्षापर्यंत कारावास किंवा प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते, आणि बेकायदा फेरफार करणाऱ्या वाहनमालकासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. लॉक तो काढतो, परंतु गाडी तुमच्या नावाने बिलावर असते, म्हणून पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल.

उत्तर ४ : पेडल_आणि_पाऊस (पुणे)

मी ई-सायकल वापरते, म्हणून केवळ त्याबद्दल लिहिते. ताईंनी पेडल नसलेली गाडी पाहिली आहे. पेडलची ई-सायकलही विचारात घ्यावी असे सुचवते. तिच्यात मोटर आपल्या पायांना मदत करते आणि वेग पंचवीसकडे जाऊ लागला की मदत आपोआप ओसरते. चढावर हा फरक फार जाणवतो, सपाटीवर तर कधी कधी मोटर चालू आहे हेही लक्षात येत नाही. वजन कमी असल्यामुळे बॅटरी संपली तरी ती साध्या सायकलसारखी चालवत घरी आणता येते. जड स्कूटरच्या बाबतीत ढकलत आणण्यावाचून इलाज नसतो, आणि रात्री एकट्या मुलीच्या दृष्टीने हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो.

कायद्याने मागितलेले दोन परावर्तक अंधारात पुरेसे नाहीत, हे मात्र स्पष्ट सांगते. परावर्तक दुसऱ्याच्या दिव्यावर अवलंबून असतो. ज्या दुचाकीचा पुढचा दिवाच बंद आहे अशी दुचाकी बाजूने आली तर तो निरुपयोगी ठरतो. मागे स्वतःचा लाल दिवा, पुढे नीट उजेड पाडणारा दिवा, आरसा आणि मोठ्या आवाजाची घंटा किंवा हॉर्न हे सर्व स्वतःहून बसवून घ्यावे. ओढणी खोचून बसण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी, कारण मागच्या चाकावर पूर्ण झाकण नसलेल्या ई-सायकलमध्ये ती आरे आणि साखळी यांत अडकते. सूट असलेल्या गाडीवर हेल्मेटची सक्ती कायद्याने होत नाही, कारण कलम १२९ मोटारसायकलसाठी आहे. आई म्हणून ती सक्ती तुम्ही करावी, आणि ते हेल्मेट आयएसआय चिन्हाचे असावे.

उत्तर ५ : बे_एरिया_मराठी (कॅलिफोर्निया)

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे आणि येथेही घरोघरी हाच विषय चालू आहे, म्हणून तुलनेसाठी लिहितो. अमेरिकेत हे नियम बहुतांशी प्रत्येक राज्य स्वतः करते. कॅलिफोर्नियात ई-बाइकचे तीन वर्ग आहेत आणि तिन्हींना चालती पेडल असणे व मोटर ७५० वॅटपर्यंत असणे आवश्यक आहे. पहिल्या वर्गात पेडल मारल्यावरच ताशी २० मैलांपर्यंत मदत मिळते, दुसऱ्यात थ्रॉटल (मूठ पिळून पेडलशिवाय गाडी पळवण्याची सोय) असला तरी मर्यादा तीच राहते आणि तिसऱ्यात पेडलसह २८ मैलांपर्यंत मदत मिळते. तिसऱ्या वर्गाची गाडी सोळा वर्षांखालील मुलांना चालवता येत नाही आणि तिच्यावर प्रत्येक वयाच्या व्यक्तीला हेल्मेट लागते. बाकी दोन वर्गांत अठराखालील मुलांना हेल्मेट सक्तीचे आहे. या तीन वर्गांना परवाना किंवा नोंदणी लागत नाही, मोपेडला मात्र मोटारसायकलचा परवाना लागतो. दुसऱ्या राज्यात गेले की हे बदलू शकते. पेनसिल्व्हेनियात तर कोणत्याही ई-बाइकसाठी किमान वय सोळा आहे.

मला जी गोष्ट अनुकरणीय वाटते ती एका लेबलची आहे. २०१७ पासून येथे प्रत्येक ई-बाइकवर वर्ग, कमाल वेग आणि मोटरचे वॅट छापलेले कायमस्वरूपी लेबल उत्पादकाने लावणे बंधनकारक आहे. त्यातील अक्षरे कोणत्या टाइपात आणि किमान किती आकाराची असावीत, हेसुद्धा कायद्यात लिहिले आहे. रस्त्यावरचा पोलीस आणि दुकानातला पालक दोघेही तेच लेबल वाचतात. वेग वाढवण्यासाठी बनवलेली उपकरणे विकण्यावरही २०२५ पासून बंदी आहे. निरीक्षक काकांनी लिहिलेली, नुसते पाहून ओळखता न येण्याची अडचण अशा एका सक्तीच्या पट्टीने बरीच कमी होईल आणि महाराष्ट्रातील सदस्यांनी ही मागणी परिवहन मंत्रालयाकडे जरूर करावी. फेरफार येथेही होतो आणि लेबल तसेच राहते, हे खरे आहे. पण निदान विक्रीच्या वेळी कोणाला "माहीत नव्हते" असे म्हणता येत नाही.

मूळ प्रश्नकर्ती : कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल पुन्हा त्या दुकानात जाऊन मी चाचणी प्रमाणपत्र मागितले. मोबाइलवर एक फोटो दाखवण्यात आला, त्यातील मॉडेलचे नाव आणि गाडीवर लिहिलेले नाव यांत फरक होता. विचारल्यावर "एकच आहे, फक्त नाव बदलले आहे" असे उत्तर मिळाले. ती गाडी न घेण्याचे आम्ही ठरवले आहे. परंतु विम्याबद्दलची शंका राहिली आहे. नियमात बसणारी गाडी घेतली, तर विमा नसल्यामुळे आपण उघडे पडतो का? आणि धाकट्या भावाला मागे बसवून शाळेत सोडले तर चालेल का?

उत्तर ६ : वकील_करवीर

ताई, तुम्ही प्रमाणपत्र मागितलेत हे उत्तम केले. नाव बदलले असेल तर त्याची नोंद असलेले सुधारित प्रमाणपत्र असते. ते दाखवता येत नसेल तर विषय तेथेच संपतो.

विम्याचा विचार दोन बाजूंनी करावा लागतो. तुमच्या मुलीला एखाद्या कारने किंवा ट्रकने धडक दिली, तर ती त्या गाडीच्या दृष्टीने त्रयस्थ व्यक्ती असते आणि पायी चालणाऱ्या किंवा सायकलवरील माणसाप्रमाणेच मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागू शकते. स्वतःच्या गाडीचा विमा नसल्यामुळे तिचा हा हक्क जात नाही. उलट, तिच्या गाडीचा धक्का लागून एखादे आजोबा पडले आणि त्यांचे हाड मोडले, तर ती गाडी मोटार वाहन नसल्यामुळे प्रकरण न्यायाधिकरणात न जाता दिवाणी न्यायालयात जाऊ शकते आणि भरपाई द्यायची ठरली तर ती कोणतीही विमा कंपनी न देता तुमच्या खिशातून द्यावी लागते. शिवाय नोंदणीतून सूट म्हणजे फौजदारी कायद्यातून सूट नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकण्याचा गुन्हा आहे आणि तेथे 'कोणतेही वाहन' असे शब्द आहेत; ई-सायकलही त्यात येते.

आता लॉक काढलेल्या गाडीची कल्पना करा. तिचा विमा उतरवताच येत नाही, कारण तिची नोंदणी नाही. आणि अपघातानंतर तपासणीत ती मोटार वाहन ठरली की विनाविमा, विनानोंदणी, विनापरवाना आणि अल्पवयीन चालक हे सर्व एकाच वेळी मालकाच्या माथी येते. कलम १९६ चा विनाविम्याचा पहिला दंड २,००० रुपये आहे, तो किरकोळ म्हणता येईल. भरपाईची रक्कम किरकोळ नसते. जखमी माणूस कमावता असेल, तर ती काही लाखांत जाते आणि ती भरण्यासाठी घर किंवा शेती गहाण पडलेली मी पाहिली आहे. वाळवा येथील सदस्यांनी आपल्या पुतणीच्या गाडीची वायर एकदा तपासून घ्यावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. मुलींचे बाहेर पडणे थांबू नये, असे मलाही वाटते, आणि म्हणूनच त्यांच्या हाती दिलेले साधन कायद्याच्या आत असावे, असा आग्रह आहे.

उत्तर ७ : निवृत्त_मोटार_वाहन_निरीक्षक

भावाच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. मोटारसायकलवर मागे एकच व्यक्ती हा कलम १२८ चा नियम सूट असलेल्या गाडीला थेट लागू होत नाही, परंतु २५० वॅटखालची मोटर दोघांना घेऊन चढावर धापा टाकते, सतत जास्त करंट ओढला गेल्याने कंट्रोलर आणि वायरी तापतात आणि ब्रेकवर जास्त भार येतो. उत्पादकाने माहितीपुस्तिकेत दिलेली वजनाची मर्यादा वाचा आणि पहिले काही महिने तरी तिला एकटीलाच चालवू द्या.

दुसऱ्या दुकानात जाल तेव्हा प्रमाणपत्राची छापील प्रत मागा आणि तिच्यावरील मॉडेलचे नाव, मोटरचा प्रकार व बॅटरीचे व्होल्टेज गाडीच्या चासीवरील पट्टीशी आणि बॅटरीवरील स्टिकरशी स्वतः ताडून पाहा. बिलावर "नियम २(यू) नुसार मोटार वाहनाच्या व्याख्येत न येणारे वाहन, वेगमर्यादेत कोणताही बदल केलेला नाही" असे लिहून, चासी क्रमांक व मोटर क्रमांकासह सही-शिक्का घ्या. जो विक्रेता नियमात बसणारी गाडी विकतो, त्याला हे लिहून देण्यात अडचण येत नाही. जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका. ताब्यात घेताना मोकळ्या रस्त्यावर स्वतः चालवून पाहा आणि फक्त गाडीच्या काट्यावर विश्वास न ठेवता मोबाइलच्या जीपीएसवर वेग बघा. पूर्ण थ्रॉटल दिल्यावर तो पंचवीसच्या आत थांबला पाहिजे. प्रमाणपत्र आणि बिल यांची प्रत डिकीत, पावसापासून सुरक्षित अशी ठेवा, म्हणजे कोणी थांबवले तर मुलीला हुज्जत घालावी लागणार नाही.

मार्गाबद्दल एक सूचना आहे. माधवनगरहून विश्रामबागेकडे येताना जड वाहनांचा रस्ता शक्य तेवढा टाळा, आतल्या वसाहतींतून जाणारा मार्ग थोडा लांबचा असला तरी तो निवडा आणि सुरुवातीला दोन-चार वेळा तुम्ही स्वतः तिच्यासोबत जा. तिला अठरा पूर्ण होताच बिनगिअरच्या दुचाकीचा शिकाऊ परवाना काढा, तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते, आणि मग हिरव्या पाटीची, विमा असलेली चांगली स्कूटर घ्या. तोपर्यंत सांगली आरटीओकडे एखाद्या मॉडेलबद्दल खात्री करून घ्यायची असेल, तर प्रमाणपत्राची प्रत जोडून साधा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.